सीडी उलटते, मग फ्रिस्बी का उलटत नाही?

प्रश्न : दिवाळीआधी घर आवरताना जुन्या सीडींचा गठ्ठा निघाला. भंगारवाल्याला देण्याआधी मुलं तो घेऊन सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात गेली आणि सीडी फ्रिस्बीसारख्या फेकू लागली. मलाही राहवलं नाही, मीही दहा-बारा फेकल्या. सीडी हातातून अगदी सपाट, गरगरत निघते. पण दहा-बारा पावलांवर गेली की डावीकडे कलते, चक्क उभी होते आणि कडेवर आपटते. एकही सीडी याला अपवाद नव्हती. माझी धाकटी मुलगी डावखुरी आहे. तिच्या सीडी मात्र न चुकता उजवीकडे कलत होत्या! तीच मुलं फ्रिस्बी फेकतात तेव्हा ती मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जाते. दोन्ही गोल, दोन्ही चपट्या, दोन्ही गरगर फिरणाऱ्या. मग हा फरक का? आणि डाव्या-उजव्याची काय भानगड आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ डावखुऱ्या मुलीची आहे. वाऱ्यामुळे सीडी कलत असती तर सगळ्यांच्याच एका बाजूला कलल्या असत्या. सीडीच्या घडणीत खोट असती तर काही इकडे, काही तिकडे गेल्या असत्या. पण फेकणारा हात बदलला की बाजू बदलते, याचा अर्थ कारण गिरकीत दडलेलं आहे. हात छातीजवळ घेऊन बाहेरच्या दिशेने झटका देत उजव्या हाताने फेकलेली सीडी, वरून पाहिली तर, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. डाव्या हाताने तशीच फेकलेली उलट फिरते. हा धागा पकडूनच पुढे जाऊ.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. चकती फिरते म्हणून ती हवेत उचलली जाते, असं अनेकांना वाटतं. छताच्या पंख्याची पाती तिरकी असतात, म्हणून ती हवा ढकलू शकतात. गुळगुळीत सीडीला पाती नाहीत. ती जागच्या जागी कितीही वेगाने फिरली तरी तसूभरही वर जाणार नाही. तिला उचलतं ते तिचं पुढे जाणं. चकतीची पुढची कड किंचित वर असेल तर समोरून येणारी हवा तिच्यावरून आणि खालून जाताना खालच्या दिशेने वळवली जाते, आणि तिची प्रतिक्रिया म्हणून चकतीला वर रेटा मिळतो. पतंगाला उचलतो तोच हा रेटा.

तो फार मोठा असण्याचीही गरज नसते. सामन्यात वापरतात ती फ्रिस्बी १७५ ग्रॅमची आणि साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची असते. तिचं वजन तिच्या क्षेत्रफळावर वाटून पाहिलं तर तिला तोलून धरायला वरच्या आणि खालच्या बाजूंच्या हवेच्या दाबात जेमतेम २९ पास्कलचा फरक पुरतो. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत हा फरक दहा हजारात तीन भाग इतकाच. एवढ्याशा फरकावर ती अख्खं मैदान पार करते.

मग घोडं पेंड कुठे खातं? रेटा किती आहे यात नाही, तो कुठे लागतो यात. चपट्या चकतीवर हवेचा सगळ्यात जास्त प्रभाव पुढच्या भागावर पडतो. हवा पुढच्या कडेला भिडते, तिथे तिला एकदम वळावं लागतं आणि कडेच्या लगेच मागे, वरच्या बाजूला, दाब सगळ्यात कमी होतो. मागच्या भागापर्यंत पोचेतो हवा आधीच वळलेली असते, त्यामुळे तिथे ती फारसं काही करत नाही. म्हणजे चकतीचं वजन मधोमध, आणि तिला उचलणारा रेटा मध्याच्या थोडा पुढे. जेवणाचं भरलेलं ताट मधोमध न धरता पुढच्या बाजूला हात लावून उचललं तर काय होईल? पुढची कड वर येईल आणि आमटी आपल्या अंगावर. सीडी न फिरवता नुसती सरळ फेकून पाहा, नेमकं हेच होतं: पुढची कड वर उचलली जाते आणि सीडी कोलांट्या खात पडते. पतंगाला हे आवरायला दोरा आणि शेपटी असते, विमानाला मागे शेपूट असतं. सीडीकडे यातलं काही नाही. तिच्याकडे आहे फक्त गिरकी.

आता भोवरा आठवा. आरेवर उभा केलेला न फिरणारा भोवरा क्षणात आडवा होतो. फिरणारा भोवरा तिरका असूनही पडत नाही. गुरुत्वाकर्षण तेव्हाही त्याला पाडायला बघत असतंच, पण भोवरा खाली पडण्याऐवजी बाजूला सरकत राहतो, डोलत डोलत स्वतःभोवती एक रिंगण घालतो. फिरणाऱ्या वस्तूंचा हा स्वभावच आहे: तुम्ही ढकलता एकीकडे आणि ती झुकते त्याच्या काटकोनात.

यात जादू काही नाही. सीडीच्या कडेला मार्करने एक ठळक ठिपका काढा आणि मनातल्या मनात त्या ठिपक्यावर बसा. तुमचा ठिपका फिरत फिरत सगळ्यात पुढे आला की हवा त्याला वर ढकलते. पण तो तिथे थांबलेला नाही, उजवीकडे निघालेला आहे. ढकलण्याने त्याला वर जाण्याचा वेग मिळतो, उंची मात्र पाठोपाठ येते. झोपाळ्याला आपण तळाशी धक्का देतो आणि झोका उंच जातो तो नंतर, तसंच. ठिपका सगळ्यात उंच पोचतो तोवर पाव फेरा उलटून गेलेला असतो आणि तो सीडीच्या उजव्या बाजूला असतो. कडेवरच्या प्रत्येक बिंदूचं असंच होतं. परिणाम असा, की हवा पुढची कड उचलायला जाते आणि प्रत्यक्षात उचलली जाते उजवी कड. सीडी डावीकडे कलते. मुलीच्या सीडीचा ठिपका पुढून डावीकडे जातो, म्हणून तिची डावी कड उचलली जाते आणि सीडी उजवीकडे कलते. डाव्या-उजव्याची भानगड ती एवढीच.

तेव्हा गिरकी सीडीला उचलत नाही आणि तिला उलटवणारं बल नाहीसंही करत नाही. ती फक्त वेळ काढते. जी कोलांटी क्षणार्धात झाली असती तिचं रूपांतर ती सावकाश कलण्यात करते. आता प्रश्न उरतो, किती वेळ?

याचं उत्तर मोजून ठेवलेलं आहे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ योहान ओस्टमायर, क्रिस्टोफ शूरमान आणि कार्स्टन उर्बाख यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकत्या फेकणारं एक यंत्र बनवलं आणि वेगवान कॅमेऱ्याने त्यांचं उड्डाण टिपलं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा मथळाच असा होता, की या चकत्या फ्रिस्बी म्हणून कुचकामी आहेत. त्यांच्या हिशेबाप्रमाणे पुठ्ठ्याची चकती साधारण ०.४५ सेकंदात भरकटते, पत्त्यांतला पत्ता ०.२४ सेकंदात आणि सीडी ०.८ सेकंदात. तुमच्या दहा-बारा पावलांशी हे छान जुळतं. शेवटी चकती उभी होते आणि तिची गिरकी उलटी झालेली असते, म्हणजे तिची वरची कड मागच्या दिशेने धावत असते. पुढच्या वेळी ठिपक्याकडे नीट पाहिलंत तर हेही दिसेल.

सीडीला पत्त्याच्या तिप्पट वेळ का मिळतो? कारण एक चौरस सेंटिमीटर सीडीचं वजन तेवढ्याच पत्त्याच्या सुमारे चौपट असतं. हवेचा रेटा क्षेत्रफळावर ठरतो, गिरकीची ताकद वजनावर. जड चकती कलवायला हवेला जास्त वेळ झटावं लागतं. पत्ते फेकण्यात तरबेज असलेले जादूगार मनगटाच्या झटक्याने पत्त्याला प्रचंड गिरकी देतात ती यासाठीच. वजन वाढवता येत नाही, तर गिरकी वाढवायची. २००२मध्ये अमेरिकेच्या रिक स्मिथ ज्युनियर यांनी एक साधा पत्ता ६५.९६ मीटर लांब फेकला होता.

आता फ्रिस्बीकडे येऊ. तिची खुबी समजून घ्यायला तिचा जन्म पाहणं सोयीचं आहे. १९३७मध्ये अमेरिकेतला फ्रेड मॉरिसन हा तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकत खेळत होता. झाकणाला पोचे पडले म्हणून मग त्यांनी केकचं पत्र्याचं भांडं घेतलं. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर ते खेळत असताना एकाने ते भांडं २५ सेंटला मागितलं. दुकानात ते ५ सेंटला मिळत होतं! मॉरिसनला त्यात धंदा दिसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता, तिथे उड्डाणशास्त्राशी त्याची ओळख झाली. युद्धानंतर त्याने प्लॅस्टिकची चकती घडवली आणि १९५७मध्ये व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने तिचे हक्क घेतले. फ्रिस्बी हे नाव मात्र आलं कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टच्या फ्रिस्बी पाय कंपनीवरून. तिच्या 'पाय' या भाजलेल्या पदार्थाच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या तिकडचे विद्यार्थी फेकत असत.

डब्याचं झाकण, केकचं भांडं, पायची थाळी. या तिन्हींत समान काय? खाली वळलेली किनार. नकळत का होईना, लोकांनी हाताला येईल त्यातून नेमकी उडणारी वस्तू निवडली होती.

ही किनार दोन कामं करते. पहिलं काम हवेचं. चकतीच्या पोटाखालून जाणारी हवा मागच्या किनारीच्या आतल्या भिंतीवर आदळते आणि तिथे वर रेटा देते. त्यामुळे एकूण रेट्याचं ठिकाण मागे सरकून जवळजवळ मध्यावर येतं. ताट आता मधोमध धरलेलं आहे! चकती साधारण नऊ अंशांनी कललेली असताना तर उलटवणारं बल जवळपास शून्य होतं. दुसरं काम वजनाचं. किनार जाड असल्याने बरंचसं वजन कडेला जातं, आणि वजन मध्यापासून जितकं लांब तितकी गिरकी दमदार. म्हणजे किनार एकीकडे उधळपट्टी कमी करते आणि दुसरीकडे शिल्लक वाढवते. सेकंदाला सात-आठ फेऱ्यांची गिरकी मग कित्येक सेकंद पुरते.

अर्थात फ्रिस्बीलाही कायमची सुटका नाही. अल्टिमेट हा फ्रिस्बीचा खेळ खेळणाऱ्यांना विचारा. उजव्या हाताने जोरात फेकलेली चकती आधी किंचित उजवीकडे जाते आणि शेवटी वेग ओसरला की डावीकडे वळते. सुरुवातीला ती जवळजवळ सपाट असते, तेव्हा रेट्याचं ठिकाण मध्याच्या किंचित मागे असतं. वेग कमी झाल्यावर ती खाली बसू लागते, हवा जास्त तिरकी खालून लागते आणि रेटा पुन्हा पुढे सरकतो. म्हणजे तुमची सीडी पहिल्या सेकंदात जे करते तेच फ्रिस्बी अगदी शेवटी करते. कसलेले खेळाडू हे वळण आधीच हिशेबात धरून चकती मुद्दाम थोडी तिरकी सोडतात.

प्रश्न : थाळीफेकीतली थाळी तर दोन्ही बाजूंनी सारखी असते, तिला किनार खाली वळलेली नसते. ती का उलटत नाही? आणि समोरून वारा असेल तर थाळी जास्त लांब जाते, असं आमचे क्रीडाशिक्षक सांगत. ते खरं आहे का?

उत्तर : थाळीचा भर सगळा वजनावर. पुरुषांची थाळी २ किलोची आणि साधारण २२ सेंटिमीटर व्यासाची. एका चौरस सेंटिमीटरमागे तिचं वजन सीडीच्या सुमारे चाळीसपट भरतं, आणि तिच्या कडेला धातूची जड कड बसवलेली असते. हवा तिलाही कलवू पाहते, पण थाळी हवेत असते तीन-चार सेकंद. तेवढ्या वेळात हवेच्या हाती फारसं काही लागत नाही.

शिक्षकांचं म्हणणं बरोबर होतं. उचलणारा रेटा हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समोरून वारा आला की हा सापेक्ष वेग वाढतो आणि थाळी जास्त वेळ तरंगते. वाऱ्याचा विरोधही वाढतो, पण माफक वाऱ्यात थाळीला तोट्यापेक्षा फायदा जास्त. शंभर मीटर धावण्याच्या किंवा लांब उडीच्या विक्रमासाठी वाऱ्याची मर्यादा पाळावी लागते, थाळीफेकीला अशी मर्यादा नाही. पूर्व जर्मनीच्या युर्गन शुल्टचा ७४.०८ मीटरचा विक्रम १९८६पासून टिकून होता. तो २०२४मध्ये लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने ओक्लाहोमातल्या रमोना इथल्या वाऱ्याच्या मैदानावर मोडला आणि २०२५मध्ये तिथेच ७५.५६ मीटर थाळी फेकून तो आणखी पुढे नेला. थाळीफेकपटू खास तिथे का जातात, हे आता वेगळं सांगायला नको.

प्रश्न : नदीत चपटा दगड फेकून आम्ही भाकऱ्या काढायचो. तिथेही गिरकीचाच हात असतो का?

उत्तर : हो, पण तिथे तिचं काम आणखी सोपं आहे. दगड उचलतं पाणी. गिरकी फक्त दगडाचा तिरकेपणा राखते. फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ लिडेरिक बोके यांना आपल्या मुलाने विचारलेल्या प्रश्नावरून या विषयाची गोडी लागली. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अॅल्युमिनियमच्या चकत्या पाण्यावर सोडून पाहिल्या आणि २००४मध्ये निष्कर्ष मांडला, की चकती आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यात साधारण २० अंशांचा कोन असला तर टप्पे उत्तम पडतात. गिरकी नसेल तर पहिल्याच टप्प्याला हा कोन बिघडतो आणि दगड बुडतो. अमेरिकेच्या कर्ट स्टायनर यांनी २०१३मध्ये एका दगडाचे ८८ टप्पे काढले.

प्रश्न : स्टीलची ताटली वर उडवली की ती नुसती फिरत नाही, डुलतेही. ते का?

उत्तर : फेकताना ताटली अगदी नेमकी आपल्या अक्षाभोवती फिरली नाही, की असं होतं. इथे हवेचा फारसा संबंध नाही. पातळ चकतीचं डुलणं तिच्या फिरण्याच्या जवळपास दुप्पट वेगाने होतं. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या उपाहारगृहात कुणीतरी उडवलेली अशी ताटली पाहून रिचर्ड फाइनमन यांना गणित मांडायची हुक्की आली. ताटलीवरच्या विद्यापीठाच्या शिक्क्यामुळे त्यांना फिरणं आणि डुलणं वेगवेगळं दिसत होतं. त्या खेळातूनच पुढे आपल्याला नोबेल मिळवून देणारं काम सुचत गेलं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. गंमत म्हणजे आठवणी सांगताना त्यांनी हे गुणोत्तर नेमकं उलटं सांगितलं! ताटलीच्या काठावर खडूची एक खूण करा आणि तुम्हीच ठरवा कोण बरोबर ते.

जाता जाता : ढकललं एकीकडे आणि झुकलं काटकोनात, या खेळाचं सगळ्यात संथ रूप आपल्या पायाखाली चाललेलं आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. सूर्य आणि चंद्र त्या फुगवट्याला ओढून तिचा कललेला अक्ष सरळ करू पाहतात. पण पृथ्वी फिरते आहे, म्हणून अक्ष सरळ होण्याऐवजी बाजूला सरकत राहतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक रिंगण पुरं करतो. पंचांगवाले यालाच संपातचलन म्हणतात. याच चलनाच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३च्या 'ओरायन' ग्रंथात वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला. सूर्याचं उत्तरेकडे वळणं डिसेंबरच्या २१-२२ तारखेला होत असताना आपण तिळगूळ जानेवारीच्या मध्यावर वाटतो, तेही यामुळेच. साधारण ७२ वर्षांत एक दिवस, इतक्या संथपणे हे अंतर वाढत गेलं. पत्त्याला पाव सेकंद लागतो, एवढाच काय तो फरक.

आता नाशिकच्या वाचकांसाठी गृहपाठ. उरलेल्या सीडींपैकी दोन-दोन एकमेकींना नीट चिकटवा आणि तशाच फेका. वजन दुप्पट झाल्याने त्या उशिरा कलतील. मग मोठ्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण आधी किनार खाली ठेवून आणि मग वर ठेवून फेका. फरक मुलांनाच सांगू द्या. हे सगळं मोकळ्या मैदानातच करा, समोर कुणी नसताना. तडकलेल्या सीडीची कड चांगलीच कापते.

आणि शेवटी धाकटीला सांगा, सीडी डाव्या हातानेच फेक, पण हात छातीकडून बाहेर नेण्याऐवजी कडेने आणून, मनगट पुढे झटकून सोड. हात तोच राहील, गिरकी मात्र उलटेल. सीडी डावीकडे कलायला हवी, तुमच्या सीडीसारखी. तशी कलली नाही, तर पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा.